पाहुण्यांची शाळा : पुण्यातल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांविषयी



आजचा विषय पुण्यातल्या कितीतरी घरांत नेमाने निघतो. मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की निघतो. स्टेट बोर्ड, आयसीएसई, सीबीएसई, की केंब्रिज? आणि हल्ली त्यात थेट इंग्लंडच्या नावाच्या शाळांची भर पडली आहे. आजी-आजोबा एका बाजूला, आई-बाबा दुसऱ्या बाजूला, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो टेबलाखाली गाडी फिरवतोय.

या विषयाची मर्यादा आधीच आखून घेऊ. इंग्रजी माध्यम चांगलं की वाईट, या वादात आज आपण पडणार नाही. तो वाद या शहराने दीडशे वर्षं घातला आहे, आणि इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणून मोकळंही याच शहराने केलंय. फी किती आणि ती कोणाला परवडते, हाही आजचा मुद्दा नाही. आम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. ही शाळा मुळात कोणाच्या मुलांसाठी बनवली होती, आणि आज तिच्या वर्गात कोण बसतं? या दोन उत्तरांत जे अंतर आहे, आमची सगळी टीका त्या अंतरावर आहे.

बदलीवाल्यांची सोय

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे काय, हे समजायला आपल्याकडचंच उदाहरण घ्या. केंद्रीय विद्यालयं. १९६३ साली ही योजना सुरू झाली, ती कोणासाठी? लष्करातले जवान, रेल्वेतले, केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीतले लोक. बाप आज देहूरोडला, दोन वर्षांनी जबलपूरला, मग आणखी कुठे. मुलाची शाळा प्रत्येक बदलीत तुटायची. म्हणून सगळीकडे एकच अभ्यासक्रम ठेवला. पाचवी पुण्यात सुटली तर सहावी जबलपूरला तिथूनच धरता आली पाहिजे.

जगाच्या पातळीवर नेमकं हेच झालं. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघाची कचेरी आली, देशोदेशींचे अधिकारी कुटुंबासह आले, त्यांच्या मुलांसाठी १९२४ साली तिथे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे त्याच शहरातून १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आपण ज्याला आयबी म्हणतो ते, उभं राहिलं. इंग्लंडची गोष्ट त्याहून जुनी. केंब्रिज विद्यापीठाचं परीक्षा मंडळ १८५८ सालचं, आणि त्याच्या परीक्षा १८६०च्या दशकातच समुद्र ओलांडून त्रिनिदादला पोचल्या होत्या. साहेब जिथे गेला तिथे त्याच्यामागे त्याची परीक्षा गेली. आज ज्या आयजीसीएसईचं नाव घरोघरी घेतलं जातं, ती १९८८ पासूनची. घर परदेशात, पण मुलाचं पुढचं शिक्षण आपल्या देशाशी जुळलेलं राहावं, ही त्यामागची मूळ गरज.

ही गरज खरी आहे, आणि आम्ही तिची थट्टा करत नाही. मराठी घरांनाही ती आहे. दुबईत, सिंगापुरात सात-आठ वर्षं काढून एखादं कुटुंब बाणेरला परत येतं. मुलगी तिथे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिला इथे एकदम आठवीच्या राज्य मंडळाच्या वर्गात बसवलं तर ती गांगरणारच. तिच्यासाठी पुण्यात केंब्रिजची शाळा असणं ही मोठी सोय आहे.

फक्त एवढं ध्यानात ठेवा. ही शाळा मुळात थोडा काळ मुक्काम करून पुढे जाणाऱ्या मुलांची आहे. पाहुण्यांची आहे. पाहुण्याला घरातले कोनेकोपरे माहीत असण्याची गरज नसते. शेजारी कोण राहतं, नळाला पाणी किती वाजता येतं, भिंतीवरचा फोटो कोणाचा, हे त्याला नाही सांगितलं तरी चालतं.

लष्करातली शाळा आणि पेठेतली शाळा

आता पुण्यात या. पाहुण्यांची शाळा या शहराला नवीन नाही. पुणे लष्करात, म्हणजे आपल्या कँपात, १८६४ साली बिशप्स स्कूल निघाली, १८६६ साली सेंट मेरीज. इथल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या मुलांची ती सोय होती. वर्गाबाहेर पुणे होतं, वर्गात इंग्लंड होतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. कारण त्यातल्या बऱ्याच मुलांना एक दिवस बोटीत बसायचंच होतं.

तिकडे पेठांत १८८० सालच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक या मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढली. नावातच इंग्लिश आहे, बरं का. त्यांनी इंग्रजी हाकलून लावली नाही. इंग्रजी शिकवली, चांगली शिकवली, पण शाळेची सूत्रं आपल्या हातात ठेवली. काय शिकवायचं आणि कशासाठी, हे इथल्या माणसांनी ठरवायचं, हा त्या शाळेचा मुद्दा होता. चार वर्षांनी, १८८४ साली, डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन.

म्हणजे एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, दोन्ही शाळा इंग्रजी शिकवत होत्या. एक पाहुण्यांची, एक घरच्यांची.

पुढची गंमत पाहा. स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला की लष्करातल्या त्या शाळा, डोंगरावरच्या पाचगणीसारख्या ठिकाणच्या शाळा, यांनी सिनियर केंब्रिजची परीक्षा किती दिवस चालवायची? १९५२ साली मौलाना आझादांच्या अध्यक्षतेखाली यावर परिषद भरली. केंब्रिजच्या जागी अखिल भारतीय परीक्षा आणावी, असा विचार झाला. १९५८ साली त्यासाठी कौन्सिल स्थापन झालं. आज आपण ज्याला आयसीएसई बोर्ड म्हणतो, ते हेच. बिशप्स आणि सेंट मेरीज आज त्याच बोर्डाच्या शाळा आहेत. साहेबाच्या मुलांसाठी काढलेल्या शाळा हळूहळू इथल्या झाल्या.

आणि त्या इथल्या होऊन पुरती दोन पिढ्या होत नाहीत, तोच केंब्रिज पुण्यात परत आलं. या वेळी ते लष्करात उतरलं नाही. ते बाणेर, खराडी, हिंजवडी, विमाननगर, मगरपट्टा अशा वस्त्यांत आलं. याआधीची एक पायरी सांगायला हवी. मर्सिडीज-बेंझचा कारखाना पुण्यात आला, जर्मन कुटुंबं आली, आणि १९९८ साली त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. तीच आज हिंजवडीत महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल या नावाने चालते, आयबीचा अभ्यासक्रम घेऊन. सुरुवात अगदी जिनिव्हासारखी, बदलीवाल्यांची सोय. पण त्यानंतर शहरात ज्या आंतरराष्ट्रीय पाट्या लागत गेल्या, त्यातल्या बहुतेकांच्या वर्गात जर्मन नाहीत, इंग्रज नाहीत. कुलकर्णी आहेत, पवार आहेत, शहा आहेत, अगरवाल आहेत. ही मुलं कुठून येऊन कुठे जाणारी नाहीत. ती इथेच आहेत. जगभर असंच झालंय, आंतरराष्ट्रीय शाळांत आता स्थानिक मुलांचंच प्रमाण जास्त आहे.

हे केंब्रिजलाही ठाऊक आहे. त्यांच्या परीक्षा जगभर मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. भारतातल्या शाळांसाठी मात्र त्यांनी मार्चची वेगळी फेरी ठेवली आहे. इथलं शैक्षणिक वर्ष आणि इथले पुढचे प्रवेश यांच्याशी निकाल जुळावा म्हणून. परीक्षा घेणाऱ्याने ओळखलं की ही मुलं इथेच राहणारी आहेत. शाळांनी आणि पालकांनी ते ओळखलंय का, असा आमचा प्रश्न आहे.

आधी गुण सांगू

टीका करायची तर चांगलं काय ते आधी कबूल करावं. आयजीसीएसईच्या इतिहासाच्या पेपरात मुलाला एखादं जुनं व्यंगचित्र, एखादं भाषण, एखाद्या वर्तमानपत्राचा उतारा देतात आणि विचारतात, यावर किती विश्वास ठेवाल? का? हे कोणी, कोणासाठी लिहिलं असेल? पंधरा वर्षांच्या मुलाला असा प्रश्न विचारणं ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे ‘कारणे लिहा’ म्हटलं की कारणं पुस्तकात चौकटीत छापलेली असतात आणि ती तशीच्या तशी उतरवली की पैकीच्या पैकी गुण. विज्ञानाच्या पेपरातही हातात आलेल्या आकड्यांवरून विचार करायला लावतात. चुकलेलं बोललं तर वर्गात हसत नाहीत, मूल हात वर करतं, शिक्षकाला उलट विचारतं. एका वर्गात साठ-सत्तर मुलं कोंबलेल्या शाळेत हे व्हायचं कसं? तेव्हा जे पालक या शाळा निवडतात ते केवळ मिरवायला निवडतात, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना घोकंपट्टीतून पोराला सोडवायचं असतं. त्यांची तक्रार खरी आहे.

मग बिघडतं कुठे?

व्हर्साय येतं, येरवडा येत नाही

इतिहासाचाच धागा पुढे नेऊ. आयजीसीएसईत विसाव्या शतकाचा जो भाग बऱ्याच शाळा घेतात, त्यात पहिला मोठा प्रश्न असतो, पहिल्या महायुद्धानंतरचे तह न्याय्य होते का? मग राष्ट्रसंघ, मग हिटलर, मग शीतयुद्ध, क्यूबा, व्हिएतनाम. शिवाय एका देशाचा सखोल अभ्यास, जर्मनी किंवा रशिया किंवा अमेरिका. विषय उत्तमच आहेत. व्हर्सायचा तह प्रत्येक शिकलेल्या माणसाला माहीत असावा.

पण कल्याणीनगरातल्या मुलीचा विचार करा. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर काय लादलं, हे ती दहा ओळींत पुराव्यानिशी मांडते. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आगाखान पॅलेस आहे. १९४२ साली गांधीजींना तिथे आणून ठेवलं, त्याच वर्षी १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथे गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. थोडं पलीकडे येरवड्याचं कारागृह, जिथे २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. तो करार न्याय्य होता का? कोणाला काय मिळालं, कोणाला काय सोडावं लागलं? व्हर्सायपेक्षा हा प्रश्न तसूभरही सोपा नाही, आणि त्याची उत्तरं आजही आपल्या मतदारसंघांत जिवंत आहेत. पुराव्याची छाननी करायला शिकवणारी पद्धत याच प्रश्नावर लावली, तर केवढं मोठं शिक्षण होईल! पण तो अभ्यासक्रमात नाही, म्हणून तो विचारलाच जात नाही.

आता कोणी म्हणेल, अहो, हा दोष केंब्रिजचा. पूर्ण नाही. भूगोल बघा. आयजीसीएसईच्या भूगोलात मुलाने अभ्यासलेल्या एखाद्या ठिकाणाचं नाव घेऊन त्याची माहिती लिहायची असते. नदी, पूर, शहराची वाढ, स्थलांतर. कुठलं ठिकाण घ्यायचं हे शाळेने ठरवायचं. मुळा-मुठा घ्यायला कोणाची हरकत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशीची पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा काही जुन्या भिंतींवर होत्या. तो पूर आठवणारे आजी-आजोबा अजून घरात आहेत. यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळायचं? पण परदेशात छापलेल्या पुस्तकात परदेशातली नदी तयार उत्तरासकट असते. ती पाठ केली की काम भागतं. याच विषयात प्रत्यक्ष बाहेर जाऊन केलेलं काम सादर करायची वाट आहे, आणि तिच्याऐवजी लेखी पेपर द्यायची वाटही आहे. दुसरी वाट सोयीची. नदीवर मुलं न्यायची म्हणजे बस, परवानग्या, चिखल, वास, आणि पालकांचे फोन.

तेव्हा जी घोकंपट्टी टाळायला आपण पोरगं या शाळेत घातलं, तीच इथे दुसऱ्या दाराने आत येते. फरक एवढाच की पूर्वी पाठ केलेली नदी निदान आपली होती.

मराठी कोणाशी बोलायची?

आता भाषा. २०२० साली महाराष्ट्राने कायदा केला. कुठल्याही मंडळाची शाळा असो, पहिली ते दहावी मराठी शिकवलीच पाहिजे, नाही तर संस्थेला एक लाखापर्यंत दंड. पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. पुढे करोनाकाळात अभ्यास विस्कटला म्हणून २०२३ साली इतर मंडळांच्या शाळांतल्या काही वर्गांना सवलत दिली गेली. मराठीला श्रेणी द्यावी, एकूण निकालात ती धरू नये. कायद्याचा हेतू चांगला होता. पण ज्या विषयाचा निकालाशी संबंध नाही त्याकडे मूल कसं बघतं, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. मराठीचा तास म्हणजे उरलेली चित्रकला पूर्ण करण्याचा तास.

याच मुलांतली अनेकजण दहावीच्या वर्षी ‘फर्स्ट लँग्वेज इंग्लिश’ नावाचा पेपर देतात. परीक्षा मंडळाच्या दृष्टीने ते काठिण्यपातळीचं नाव आहे, आम्हाला कल्पना आहे. तरी कागदावर छापून येतं ते येतंच. प्रथम भाषा, इंग्रजी. नाव देशपांडे, जन्म सदाशिव पेठेतल्या दवाखान्यातला.

पण पेपर आणि श्रेणी यांहून मोठी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. अशा शाळेतलं मूल दिवसभरात मराठी कोणाशी बोलतं? शिक्षकांशी इंग्रजी. मित्रांशी इंग्रजी, मध्ये थोडं हिंदी. घरी आई-बाबांशी इंग्रजीच, कारण शाळेने सुचवलेलं असतं की घरीही सराव ठेवा. मग मराठी उरते ती बसमधल्या मावशींशी, फाटकावरच्या काकांशी, स्वयंपाकाच्या ताईंशी. आणि त्यांच्याशी बोलायचं काय? ‘पाणी दे.’ ‘दप्तर घे.’ ‘गाडी इकडे लाव.’ पन्नाशीच्या बाईला ‘अहो’ म्हणायचं हे त्या मुलाला कोणी शिकवलेलं नसतं, कारण त्याने ‘अहो’ ऐकलेलंच नसतं. मूल उद्धट नसतं हो. त्याच्याकडे असलेली मराठी तेवढीच असते.

म्हणजे आपली भाषा त्या मुलापुरती हुकमाची भाषा होते. ज्यांना काम सांगायचं त्यांची भाषा. लष्करातल्या गोऱ्या मुलाला जेवढं हिंदुस्थानी येत होतं, तेही असंच होतं, खानसाम्याला आणि घोड्याच्या मोतद्दाराला हाक मारण्यापुरतं. दीडशे वर्षांनी आपण आपल्याच पोराला त्या जागी नेऊन बसवतो आहोत. मराठी मरेल की जगेल, ही चर्चा आपण फार करतो. त्रिभाषा सूत्रावरून २०२५ साली केवढं वादळ उठलं आणि सरकारला २९ जूनला आपले आदेश मागे घ्यावे लागले. तो लढा योग्यच होता. पण भाषा जगूनही अशी खालच्या पायरीवर ढकलली जाऊ शकते, आणि हे काम दिल्ली करत नाही, आपण घरात बसून करतो.

उलट्या दिशेची शाळा

याच्या नेमकं उलट चित्र परदेशात आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा चालतात. शनिवारी-रविवारी कुठल्या तरी शाळेच्या भाड्याच्या वर्गात आई-बाप स्वतःच शिक्षक होऊन पोरांना बाराखडी शिकवतात. त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा कोणाशी जोडलेल्या आहेत? पुण्याच्या भारती विद्यापीठाशी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. म्हणजे न्यू जर्सीतलं मराठी पोर रविवारी पुण्याची परीक्षा देतं आणि पुण्यातलं मराठी पोर केंब्रिजची.

दोघंही आपापल्या जागी दुसऱ्या गावाची शाळा शिकत आहेत. पण एक फरक आहे. तिकडच्या आई-बापांना ठाऊक आहे की आपण परदेशात आहोत आणि काहीतरी हातातून सुटतंय. म्हणून ते रविवारची झोप मोडतात. इकडच्यांना वाटतं आपण पुण्यातच आहोत, मराठी काय, येईलच आपोआप. ती आपोआप येत नाही. सोसायटीच्या फाटकाआड वाढणाऱ्या मुलाला कुठलीच गोष्ट आपोआप येत नाही.

पाटीवरचं नाव

आता एका प्रत्यक्ष शाळेकडे येऊ, कारण तिच्या नावात आमचा सगळा विषय येतो. २०२३ साली पुण्यात वेलिंग्टन कॉलेज इंटरनॅशनल सुरू झालं. इंग्लंडच्या बर्कशायरमधल्या वेलिंग्टन कॉलेजच्या नावाची, ब्रिटिश अभ्यासक्रमाची, मुलांनी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतायची डे स्कूल. मूळचं कॉलेज १८५९ साली उघडलं. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी काढली आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांसाठी शाळा बांधली. स्मारक म्हणून पुतळ्याच्या जागी शाळा उभारावी, ही कल्पना आम्हाला आवडते.

पण हा ड्यूक कोण? नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा, हे जगाला माहीत. पुण्याला त्याची ओळख त्याच्या बारा वर्षं आधीची आहे. तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला, वसईला गेला, ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. त्या बाजीरावाला गादीवर परत बसवण्यासाठी फौज घेऊन आला तो हा वेलस्ली. २० एप्रिल १८०३ ला तो पुण्यात पोचला. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. आयुष्यभरात आपण लढलेली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो पुढे असईचंच नाव घेई, असं सांगतात.

आता यावर दोन सोपे मार्ग आहेत. एक, छाती बडवायची, नाव बदला म्हणून मोर्चा काढायचा. दुसरा, खांदे उडवायचे, नावात काय आहे म्हणायचं. आम्हाला दोन्ही आळशी वाटतात. नाव पुसून असईची लढाई पुसली जात नाही, आणि नावात काही नसतं तर ते एवढ्या लांबून कोणी आणलं नसतं.

तिसरा मार्ग त्या अभ्यासक्रमातच आहे. मघाशी सांगितलेला प्रश्न आठवा. हे कोणी, कोणासाठी लिहिलं, यावर किती विश्वास ठेवाल? हा प्रश्न पाटीवरच्या नावाला विचारा. एका बाजूला वेलस्लीची पत्रं ठेवा, दुसऱ्या बाजूला मराठी कागद. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर हुकूम चालवणारे कितीतरी अधिकारी युरोपियन होते, हेही ठेवा. म्हणजे ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ एवढं सोपं गणित नव्हतं, हे मुलांना कळेल. ज्या हडपसर-मगरपट्ट्यातून मुलांच्या बस निघतात तिथेच हे प्रकरण सुरू झालं, हे नकाशावर दाखवा. मुलांना असईला न्या. जालना काही लांब नाही.

हे या एका शाळेला उद्देशून नाही. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या कुठल्याही शाळेची आमची परीक्षा हीच आहे. चिकित्सा करायला शिकवता ना, मग ती स्वतःच्या पायाखालच्या जमिनीवर करून दाखवा. जी शाळा हे करील ती आमच्या लेखी पुण्याची शाळा. जी करणार नाही तिला पाहुण्यांची शाळा म्हणावं लागेल, मग तिथली सगळी मुलं कोथरूडची का असेनात.

यजमान व्हायचं शिक्षण

आंतरराष्ट्रीय होण्याची दुसरी रीत याच शहराने दाखवलेली आहे. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांची हकीकत पुणेकरांना ठाऊक आहे. वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने पडलेला, आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देताना त्यांना दिसली. परक्या देशात या मुलांचं कोणी नाही, या जाणिवेतून १९७१ साली सिंबायोसिस उभं राहिलं. पुढे त्या संस्थेचा पसारा केवढा झाला आणि त्याबद्दल कोणाचं काय मत आहे, ते बाजूला ठेवू. सुरुवातीची कल्पना बघा. जग आपल्या गावात आलंय, आपण यजमान आहोत, त्याची विचारपूस आपण करायची.

यजमान व्हायचं तर स्वतःचं घर माहीत असावं लागतं. पाहुणा विचारतो, ही नदी कुठून येते, हा वाडा कोणाचा, इथे मुलींची पहिली शाळा कोणी काढली म्हणतात? तेव्हा १८४८ सालचा भिडेवाडा, जोतीराव आणि सावित्रीबाई, हे सांगता आलं पाहिजे, आणि इंग्रजीतून सांगता आलं तर उत्तमच. ज्या मुलाला उत्तर येत नाही त्याला जग फिरूनही सांगण्यासारखं काही नसतं. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘तू कोण, कुठला’ यावर निबंध लिहायचा आला की मग त्याच्यासाठी सल्लागार नेमावा लागतो.

संध्याकाळ कोणाची?

शेवटी पालकांकडे. या शाळा बहुतांशी डे स्कूल आहेत, पाचगणीसारख्या निवासी नव्हेत. मूल रोज घरी येतं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा आपण उपयोग करत नाही. दिवस केंब्रिजचा असला तरी संध्याकाळ आपली आहे. ती कोडिंग, फोनिक्स आणि बुद्धिबळाच्या क्लासला वाटून टाकली की मग शाळेला दोष देण्यात अर्थ नाही.

तेव्हा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा तरणतलाव जरूर पाहा, पण चार गोष्टी विचारा. भूगोलात पुण्याचं कोणतं उदाहरण शिकवता? मराठीचे शिक्षक पूर्ण वेळचे आहेत का, आणि शिक्षकांच्या बैठकीत त्यांना बोलायची मुभा आहे का? मुलं बसमधल्या मावशींना नावाने ओळखतात का, त्यांच्याशी कशी बोलतात? आणि गेल्या वर्षी मुलं शहरात कुठे कुठे जाऊन आली? उत्तरं मिळाली तर निःशंक प्रवेश घ्या. आणि एक प्रश्न घरी येऊन स्वतःला विचारा. आमचं मूल या गावात पाहुणं म्हणून वाढवायचं आहे की घरचं म्हणून?

जायचं त्याने जरूर जावं. लंडनला जावं, मेलबर्नला जावं. पण जाणाऱ्याचं कुठून तरी जाणं व्हायला हवं. तेवढं देणं शाळेच्या आणि घराच्या दोघांच्याही हातात आहे.

आमचं बोलणं इथे थांबवतो. ज्यांची मुलं अशा शाळांत आहेत, त्यांनी आमच्याशी जरूर वाद घालावा. त्यांचे प्रश्न आधी घेऊ.